पडवीतलं वाचन: 'ॲनिमल फार्म' टीनएजर मुलांबरोबर कसं वाचावं?

सुरंगी
नमस्कार मंडळी. आम्ही देवगडपासून थोडं आत, कलमांच्या बागेत राहतो. दोन मुलं, थोरला पंधरा, धाकटी तेरा. दोघंही शाळेत जात नाहीत. थोरला पुढच्या वर्षी एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) दहावीला बसेल. पलीकडच्या वाडीतला एक चौदा वर्षांचा मुलगा दर शनिवारी येतो, त्याचे आईवडीलही आमच्यासारखेच 'पोरांचं वाटोळं करणारे'. (होमस्कूलिंग चांगलं की वाईट यावर इथे तीन धागे शंभरी गाठून गेलेत. ती चर्चा कृपया तिकडे.)

सध्या पडवीत बसून जॉर्ज ऑरवेलचं 'ॲनिमल फार्म' वाचतोय. (प्राणी जोन्स या मालकाला हाकलून शेत ताब्यात घेतात आणि मग डुकरंच मालक होऊन बसतात, ती गोष्ट. रोख रशियाच्या क्रांतीवर.) इंग्रजीत मोठ्याने वाचायचं आणि अडलं की मराठीत भांडायचं, अशी पद्धत. तीन प्रकरणं झाली. मी उत्साहाने तयारी केली होती: १९१७ची क्रांती, १९२८ची पहिली पंचवार्षिक योजना, १९३६ ते ३८ चे मॉस्कोचे खटले, सगळं एका लांब कागदावर. तो कागद मुलांनी पंख्याखाली वारा घ्यायला वापरला.

प्रश्न दोन. आधी इतिहास सांगावा की आधी गोष्ट? आणि कम्युनिझम काय होता हे आपलं मत न लादता कसं सांगायचं? माझे वडील समाजवादी नाथ पैंच्या सभांना सायकल मारत जाणारे, सासरे लालबागेत लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्ट. घरात दोघांच्याही गोष्टी चालतात, आणि मुलं मला विचारतात, 'आई, तू कुणाकडून?'

तिरफळ
रुमाल टाकून ठेवतो. रात्री खारे शेंगदाणे घेऊन येईन.

निवृत्त मास्तर
सुरंगीताई, पहिल्या वाचनात रशियाचा 'र'ही काढू नका. बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यावरून सांगतो. गाईडात एक तक्ता असायचा: नेपोलियन डुक्कर म्हणजे स्टालिन, स्नोबॉल डुक्कर म्हणजे ट्रॉट्स्की, जोन्स म्हणजे झार. पोरं तक्ता पाठ करायची की पुस्तक कायमचं मिटलं.

शिवाय तो तक्ता नीट बसतही नाही. बंडाचं स्वप्न सांगणारं डुक्कर, म्हातारा मेजर, मार्क्स की लेनिन? विचार मार्क्सचे. पण पुढे त्याची कवटी बुंध्यावर मांडून प्राण्यांना तिच्यासमोरून मानानं चालायला लावतात, ते लेनिनच्या जपून ठेवलेल्या देहासारखं. लेनिन म्हणून स्वतंत्र कुणी पुस्तकात नाहीच. हे मुलांना दुसऱ्या वाचनात स्वतः शोधू द्या, फार मजा येते.

पहिल्या वाचनात एकच करा. दूध आणि सफरचंदं गायब होतात तिथे थांबा, आणि विचारा, 'तुम्ही गोठ्यात असतात तर काय बोलला असतात?' ऑरवेलने स्वतः एका पत्रात ती जागा गोष्टीतलं वळण म्हणून सांगितली आहे. पुढचं सगळं त्या बादलीतून येतं.

सुरंगी
मास्तर, गंमत म्हणजे तिथे थांबलो होतो! थोरला म्हणाला, 'डुकरं हिशेब ठेवतात, डोकं चालवतात, त्यांना थोडं जास्त मिळालं तर काय बिघडलं?' धाकटी म्हणाली, 'जास्त मिळू दे, पण विचारून.' तिसरा काही बोलला नाही, त्याने समोरच्या ताटलीतली शेवटची फोड उचलली.

तिरफळ
तिसरा पुढे जाणार. मी मत त्यालाच देणार.

मालवणी मसालो
डुकरांचा राज्य येवक पुस्तक कित्याक होया? आमच्या परड्यात येवन बघा. रातीचे येतत, कणगरा उकरून खातत आणि सकाळी आमी तोंडाक हात लावन बसतो. 😄

लाल माती
मी जरा विरोधात बोलणार आहे. हे पुस्तक शाळाशाळांतून 'कम्युनिझम म्हणजे डुकरं' एवढं शिकवण्यासाठीच वापरलं गेलं. १९५४च्या कार्टूनपटाला पैसा सीआयएने पुरवला आणि शेवटही बदलला: पुस्तकात प्राणी खिडकीतून नुसते बघत राहतात, पडद्यावर ते पुन्हा उठाव करतात. म्हणजे उपहास कुणाच्या खिशातून बाहेर येतो तेही मुलांना कळू दे.

आणि गोष्ट पहिल्या पानावर कशी सुरू होते? जोन्सपासून. प्राणी उपाशी, चाबूक चालू. कोकणातल्या मुलाला आधी आपला जोन्स माहीत हवा. मी अलिबागकडचा. आमच्या चरी गावात कुळांनी खोतांविरुद्ध, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध, संप केला, १९३३ ते १९३९. सहा वर्षं जमीन कसली नाही. नारायण नागू पाटील पुढे होते. बाबासाहेबांनी १९३७ साली खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, पण प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं. आणि हे पुस्तक छापून आलं त्याच १९४५ साली तलासरी-डहाणूकडे वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर, लाल बावटा घेऊन. माणसाला झाडाला बांधून मारत तिथे. ते बंड खोटं होतं का? हे न सांगता थेट डुकरांवर गेलात तर मुलं एवढंच शिकतील की बंड करू नये, त्यात डुकरांचंच फावतं.

दिवाणखाना
आमचे पणजोबा खोत होते. जोन्सचा वंशज म्हणून निषेध नोंदवतो. वाड्याची कौलं गळतात, कुणी घेता का?

खाडीकाठ
लाल माती, वारल्यांबद्दल +१. पण ऑरवेलवर तुम्ही अन्याय करताय. बंड करू नये असं तो म्हणतच नाही. म्हाताऱ्या मेजरच्या भाषणात प्राण्यांच्या हालांबद्दल जे आहे, ते सगळं खरं आहे, लेखक त्याची टर उडवत नाही. तो स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवायचा. स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्ध लढायला गेला, १९३७ साली गळ्यातून गोळी आरपार गेली आणि वाचला. मग ज्यांच्या बाजूने लढला त्यांच्यातच स्टालिनवाल्यांनी धरपकड सुरू केली, त्याला बायकोसह पळून यावं लागलं. हा राग घरातला आहे, शेजाऱ्याचा नाही.

मत न लादण्याबद्दल: मुलांना एक किस्सा सांगा. पवनचक्की सुरुंगाने उडते तेव्हा सगळे प्राणी पोटावर आडवे पडतात. आधीच्या मजकुरात नेपोलियनही पडतो. छपाईला जाण्याआधी ऑरवेलने तो बदलून 'नेपोलियन सोडून सगळे' केलं. कारण जर्मन फौजा चालून आल्या तेव्हा स्टालिन मॉस्को सोडून गेला नव्हता. ज्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं त्याला एवढ्यापुरता न्याय. उपहास आणि शिवी यातला फरक मुलांना या एका शब्दावरून सांगता येतो.

बाय द वे, ऑरवेलबाबाचा जन्म बिहारचा, मोतीहारी, १९०३. वडील सरकारच्या अफू खात्यात.

सुरंगी
हा पवनचक्कीचा किस्सा सोन्यासारखा आहे! मुलांना पवनचक्क्या म्हणजे देवगडच्या, किल्ल्याकडे जाताना दिसतात त्या. थोरल्याला वाटलं होतं प्राणी तशीच पांढरी पाती उभी करतायत. दगड ओढून ओढून बांधायची म्हणजे काय ते कळायला मला चिऱ्याच्या खाणीवर न्यावं लागलं.

गिरणगावचा नातू
ताई, तुमच्या सासऱ्यांसारखे माझे आजोबा. मूळ मालवण तालुक्यातले, लालबागला एका गिरणीत साचे चालवायचे. खोलीत गणपतीशेजारी लेनिनचा फोटो, दोघांनाही एकच उदबत्ती. 'सोव्हिएत देश' मासिक यायचं, त्याच्या गुळगुळीत कागदाची आम्ही वह्यांना कव्हरं घालायचो. माझं भूगोलाचं पुस्तक सातवीपर्यंत ट्रॅक्टरवर बसलेल्या हसऱ्या बाईच्या आत होतं.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत मूळचे देवबागचे, म्हणजे आजोबांच्या गाववाल्यातलेच, पण लाल बावट्याचे नव्हेत. आजोबा म्हणायचे, 'डॉक्टरांचा झेंडा वेगळा, पण भूक तीच.' संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. आजोबा गावी परतले आणि नारळाच्या झावळ्या विणत बसायचे.

कॉलेजात 'ॲनिमल फार्म' वाचलं तेव्हा बॉक्सर घोड्यापाशी मी पुस्तक खाली ठेवलं. 'मी आणखी काम करीन' म्हणणारा घोडा, आणि शेवटी त्याला खाटकाकडे नेणाऱ्या गाडीवर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचून दाखवतं गाढव. माझ्यापुरता बॉक्सर रशियातला नाही. त्याच्या गिरणीच्या जागेवर आता मॉल आहे.

तुमच्या मुलांना अण्णा भाऊ साठ्यांचं रशियाचं प्रवासवर्णनही द्या. १९६१ साली गेले होते, भारावून आले. गिरणगावातल्या माणसाला तो देश असा का दिसला हेही कळायला हवं. नुसतं ऑरवेल दिलं तर आजोबा मूर्ख ठरतात, आणि ते मूर्ख नव्हते.

निवृत्त मास्तर
नातवा, सुंदर लिहिलंस.

कोकम_सोडा
आजोबा मूर्ख नव्हते, पण पक्ष? आणीबाणीत भारतीय कम्युनिस्ट पक्षाने इंदिराबाईंना पाठिंबा दिला होता. त्याच वेळी आमचे खासदार मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात. नेपोलियनची तळी उचलणाऱ्या स्क्वीलर डुकराची भाषणं ऐकायला रशियात जायची गरज नाही.

लाल माती
पाठिंबा दिला होता, आणि नंतर चूक होती असं पक्षानेच मान्य केलं. दुसऱ्या कम्युनिस्ट पक्षाने विरोध केला होता, त्यांचेही लोक तुरुंगात होते. अर्धं सांगू नका.

कोकम_सोडा
अर्धं तर तुम्ही सांगताय. १९३२-३३च्या युक्रेनच्या दुष्काळाबद्दल तुमच्या वारली प्रतिसादात एक ओळ नाही. पुस्तकात कोंबड्या अंडी द्यायला नकार देतात आणि त्यांचं धान्य तोडलं जातं, ते प्रकरण

कोकम_सोडा
(प्रतिसाद काढून टाकला आहे.)

संपादक मंडळ
मागचे चार प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. व्यक्तिगत शेरे नकोत. ज्यांना आजच्या निवडणुकीवर बोलायचं आहे त्यांच्यासाठी वेगळा धागा आहे, तो तसाही रोज वर येतो.

तिरफळ
'कोणताही सभासद दुसऱ्या सभासदाचा प्रतिसाद उडवणार नाही, कारणाशिवाय.' 😂

काकपद
तिरफळांच्या विनोदावरून माझा आवडता मुद्दा. मूळ पुस्तकात भिंतीवरचे नियम रात्री बदलतात ते ओळीच्या शेवटी दोन शब्द चिकटवून. पलंगावर झोपायचं नाही, पुढे हळूच 'चादरी घालून'. दारू प्यायची नाही, पुढे 'प्रमाणाबाहेर'. इंग्रजीत ते सहज जमतं, कारण वाक्याच्या शेपटीला जागा असते. मराठीत शेवटी क्रियापद दार लावून बसलेलं. 'कोणताही प्राणी पलंगावर झोपणार नाही' यात 'चादर घालून' कोंबायचं तर मधे काकपदाची खूण करून वर बारीक अक्षरात लिहावं लागेल, म्हणजे गाढवालाच काय, मेंढरांनाही दिसेल. नाहीतर अख्खी ओळ पुसून नव्याने लिहा. मराठी स्क्वीलरला रंगाचा डबा मोठा लागणार.

होमस्कूलवाल्या मुलांना हाच उद्योग द्या. ते सात नियम मराठीत असे करायचे की नंतर एकच शब्द घालून फिरवता येतील.

निवृत्त मास्तर
वा! मी बोलण्यातलं मराठी वापरीन. 'पलंगावर झोपायचं नाही कुणी' असं लिहायचं आणि मग पुढे 'उगाच'. उगाच हा शब्द कुठेही बसतो.

काकपद
मास्तर, दंडवत. 'उगाच'मध्ये अख्खी नोकरशाही आहे.

नवी_आई
सुरंगीताई, त्याहून सोपं करा. घरातले नियम फळ्यावर लिहून ठेवा आणि रात्री गुपचूप बदला. कुणाला न सांगता. आठवड्याने बघा काय होतं.

भरती_ओहोटी
पुस्तक मिळवायचं असेल तर: ऑरवेल १९५० साली गेला, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०११पासून मूळ इंग्रजी मजकूर भारतात खुला आहे. छापून काढा, मुलांना समासात लिहू द्या. वाचनखूण साठवली.

सुरंगी
दोन आठवड्यांनी येतेय. आढी लागली आहे (आंबे पिकायला घातलेत), घरात चालायला जागा नाही, त्यामुळे उशीर.

नवी_आईंचा प्रयोग केला. फळ्यावर मुलांनीच नियम लिहिले होते. त्यातले तीन: जेवताना मोबाईल घ्यायचा नाही कुणी. ताट आपलं आपण घासायचं. आढीतला चांगला आंबा विचारल्याशिवाय काढायचा नाही कुणी. (बाहेरच्यांसाठी: पेटीतला आंबा वाशीच्या बाजारात जातो, आम्ही डागी खातो. बागायतदाराच्या घरी अख्खा निखळ हापूस खायला मिळणं हा सण असतो.)

पहिल्या रात्री मोबाईलपुढे मास्तरांचा 'उगाच'. दुसऱ्या रात्री ताटाच्या ओळीत 'मोठ्यांनी', सुरुवातीला बरोबर जागा होती. चौथ्या रात्री आंब्याच्या ओळीत 'मुलांपैकी'.

पाचव्या दिवशी थोरला जेवताना मोबाईल बघत होता. मी टोकलं तर म्हणाला, 'उगाच नाही बघत, काम आहे. नियमच तसा आहे.' मी म्हटलं, नियम आधी असा होता का? तो छातीठोकपणे म्हणाला, 'पहिल्यापासून असाच. मीच तर लिहिला.' अक्षर माझं होतं हो! शनिवारी शेजारचा मुलगा आला आणि दारातूनच म्हणाला, 'काकू, फळ्यावर तीन शब्द वेगळ्या खडूने आहेत.' तो घरचा नव्हता म्हणून त्याला दिसलं.

आणि धाकटीला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. बोलली नाही. का, तर ताट घासायचं सुटलं होतं.

तिरफळ
हसून हसून पुरेवाट! धाकटी मांजर आहे. पुस्तकात मतदानात दोन्ही बाजूंनी मत देणारी तीच ती.

सुरंगी
तिला हे सांगितलं, ती खूश आहे.

पण खरं सांगायला आले ते वेगळंच. बॉक्सरचं प्रकरण वाचून झालं आणि मी विचारलं, बॉक्सर म्हणजे कोण? मला कागदावरचं उत्तर हवं होतं, रशियातला कष्टकरी वगैरे. धाकटी म्हणाली, 'आपल्याकडचे दाजू.' आमच्या बागेत दर हंगामाला एक नेपाळी कुटुंब येतं. राखण, फवारणी, घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन काढणी, सगळं तेच. मागे पत्र्याची खोली. मग तिने सरळ विचारलं, 'त्यांना डागी तरी देतो का आपण, की विकत घेतात?' देतो. पण मी उत्तर द्यायला जो वेळ घेतला तो तिने मोजला.

मला वाटत होतं मी स्टालिन शिकवतेय. मुलीने जोन्स काढला, आणि तो माझ्या आडनावाचा निघाला.

कोकम_सोडा
इतकं मनाला लावून घेऊ नका. मजुरी देता, राहायला देता. लहान बागायतदार स्वतःच वाशीच्या दलालापुढे उभा असतो, भाव तो सांगेल तो. थ्रिप्स किडीने मोहोर गेला की बँकेचा हप्ता कोण भरतं? तुम्ही जोन्स नाही.

लाल माती
पहिल्यांदाच कोकम_सोडांशी अर्धा सहमत. पण दलालही असंच सांगत असेल की मी जोन्स नाही, माझ्यावर व्यापारी आहे.

गिरणगावचा नातू
दाजूंना विचारलंत का पुस्तकाबद्दल? नेपाळात माओवाद्यांचं युद्ध १९९६ ते २००६ चाललं, २००८ला राजेशाही गेली. त्यांचं वय चाळीसच्या पुढे असेल तर त्यांनी हे प्रत्यक्ष पाहिलंय. या धाग्यावर क्रांती पाहिलेला कुणी नाही.

सुरंगी
नातू, तुमचा प्रतिसाद वाचून आपण किती ढ आहोत हे कळलं. दहा वर्षं ते आमच्याकडे येतात आणि कधी विचारलं नव्हतं.

काल संध्याकाळी गाडी भरून झाल्यावर ते चहाला पडवीत बसले. थोरल्याने मोडक्या हिंदीत गोष्ट सांगितली: प्राणी, मालक, बंड, मग डुकरं. दाजू हसत ऐकत होते. मग म्हणाले, आमच्या गावात रात्री ते यायचे, बंदूकवाले, जेवायला मागायचे. आई भात घालायची. दुसऱ्या दिवशी लष्कर यायचं, विचारायचं, भात का घातला? आईने दोघांनाही घातला. काका एका रात्री त्यांच्याबरोबर गेला तो गेलाच.

थोरल्याने विचारलं, मग राजा गेला ते बरं झालं की वाईट? ते म्हणाले, बरं झालं. आमच्याकडे वरच्या जातीच्या घरात आम्हाला पाणीसुद्धा लांबून मिळायचं, त्या लोकांनी ते बंद करायला लावलं. ते चांगलं केलं. मग कप खाली ठेवून म्हणाले, 'फिर भी हम तो यहीं हैं ना, भाभी.'

कुणी काही बोललं नाही. धाकटी उठली, आढीत गेली आणि चांगले चार काढून आणले. न विचारता. दाजूंनी दोन परत दिले, म्हणाले हे पेटीत जातील, साहेब ओरडतील.

निवृत्त मास्तर
ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं आता काय? इतिहास आधी की गोष्ट आधी?

सुरंगी
मास्तर, तो लांब कागद थोरल्याने स्वतःहून मागून घेतला. १९१७च्या खाली त्याने पेन्सिलीने चरी, तलासरी, लालबाग आणि नेपाळ लिहिलंय. स्टालिनसमोर प्रश्नचिन्ह आहे, ते का ते सांगत नाही. 'तू कुणाकडून' हा प्रश्न मात्र अजून उभा आहे. काल धाकटीने परत विचारला, मी फोडणी जळतेय म्हणून आत गेले.

शेवटचं प्रकरण राहिलंय, डुकरं आणि माणसं पत्ते खेळतात ते. मुलांना दाजूंना बोलवायचंय. पण शनिवारी वाशीची गाडी भरायची आहे, त्यांना वेळ नाही. म्हणून वाचन रविवारी.

काकपद
वाचन पुढे ढकललंत, गाडी नाही.

सुरंगी
हो. वाचलं मी ते.

दिवाणखाना
डागी शिल्लक असतील तर सांगा. कौलांच्या बदल्यात.